स्वर न लिहिता संगीत कसं रचतात? सिंथेसायझर आणि अल्गोरिदम, सोप्या भाषेत

‘हे संगीत संगणकाने बनवलंय’ असं कुणी म्हणालं की मला लगेच विचारावंसं वाटतं, म्हणजे नेमकं काय कुणी केलं? आवाज स्पीकरमधून आला, वाजवायला माणूस बसला नव्हता, हे खरं. पण त्या आवाजाचा पोत कुणी ठरवला? कुठल्या स्वरामागून कुठला स्वर येऊ शकतो आणि कुठला मुळीच येणार नाही, हे कुणी ठरवलं? आणि वीस मिनिटं वाजलेल्यातली दोनच मिनिटं ठेवून बाकीची पुसून टाकायचा निर्णय कुणाचा? या तिन्ही प्रश्नांचं उत्तर ‘माणसाचा’ असं असेल, तर ते संगीत त्या माणसाचंच आहे. फरक एवढाच की त्याने स्वर लिहिण्याऐवजी स्वर कसे जन्माला यावेत ते लिहिलं.

हे दोन कामांतून घडतं. एक आवाज घडवण्याचं, म्हणजे सिंथेसायझरचं. दुसरं स्वरांची निवड नियमांवर सोपवण्याचं, म्हणजे अल्गोरिदमचं. दुसरं काम मला जास्त प्रिय आहे, पण पहिल्याशी ओळख नसेल तर ते कोरडं गणित होऊन बसतं. म्हणून सुरुवात आवाजापासून.

एकाच स्वराच्या पोटात

ध्वनी म्हणजे हवेच्या दाबाची थरथर. ती सेकंदाला ४४० वेळा झाली की वाद्यं जुळवताना प्रमाण मानला जाणारा ‘ए’ ऐकू येतो. २२० वेळा झाली तर तोच स्वर एक सप्तक खाली, ११० ला आणखी एक सप्तक खाली. सिंथेसायझरच्या ज्या भागातून ही थरथर निघते त्याला ऑसिलेटर म्हणतात.

मग हाच ११० हर्ट्झचा स्वर चेलोवर वेगळा आणि ट्रॉम्बोनवर वेगळा का वाटतो? कारण आपण एकटी थरथर सहसा ऐकतच नाही. मूळ ११० सोबत २२०, ३३०, ४४०, ५५० असे त्याच्या पटीतले उपस्वरही वाजत असतात, आणि त्यातला कुठला किती जोरात आहे यावर आवाजाचा पोत ठरतो. ऑसिलेटरवर लहरीचा आकार निवडता येतो, तो याचसाठी. साइन लहरीत एकही उपस्वर नसतो, ती अगदी गुळगुळीत आणि थोडी निर्जीव वाटते. सॉटूथ लहर आलेखावर करवतीच्या दात्यांसारखी दिसते आणि तिच्यात सगळे उपस्वर असतात: मूळ स्वर पहिला धरला तर दुसरा निम्म्या जोराने, तिसरा एक तृतीयांश, चौथा एक चतुर्थांश, असे उतरत्या क्रमाने. ती भरगच्च आणि टोचरी लागते. स्क्वेअर, म्हणजे चौकोनी लहरीत फक्त विषम उपस्वर असतात: ११०, ३३०, ५५०, ७७०. त्यामुळे ती पोकळ, लाकडी वाटते, क्लॅरिनेटच्या खालच्या स्वरांची आठवण करून देते.

सर्वांत रुळलेल्या पद्धतीत आधी अशी भरगच्च लहर घ्यायची आणि मग तिच्यातलं नको ते फिल्टरने काढून टाकायचं. लो-पास फिल्टरला एक सीमा सांगायची असते, तिला कटऑफ म्हणतात. सीमेखालचं सगळं जाऊ द्यायचं, वरचं दाबायचं. सिंथेसायझर बांधणाऱ्या रॉबर्ट मूगचा गाजलेला लॅडर फिल्टर सप्तकामागे २४ डेसिबलने दाबतो. म्हणजे कटऑफ ४४० वर ठेवला, तर ८८० च्या उपस्वरापेक्षा १७६० चा उपस्वर फिल्टरमुळे आणखी साधारण सोळापट क्षीण होतो. कटऑफचा नॉब हळूहळू फिरवत नेला की दार उघडत गेल्यासारखा आवाज उजळत जातो. इलेक्ट्रॉनिक संगीतातला हा कदाचित सर्वांत ओळखीचा क्षण असेल. कितीही वेळा ऐकला तरी माझ्या अंगावर त्याने काटा येतो.

आता एक छोटा प्रयोग सांगतो, कारण सिंथेसायझरच्या ‘जिवंत’ आवाजाचं बरंचसं रहस्य त्यात आहे. दोन ऑसिलेटर घ्या, दोन्हींवर सॉटूथ लावा. एक ११० हर्ट्झवर, दुसरा ११०.५ वर. कानाला दोन वेगळे स्वर ऐकू येत नाहीत, एकच येतो. पण दोन लहरी कधी एकमेकींना साथ देतात, कधी काटतात, म्हणून आवाज दर दोन सेकंदांनी एकदा फुगतो आणि ओसरतो. हे झालं मूळ स्वराचं. दुसऱ्या उपस्वराच्या जोडीत, २२० आणि २२१ मध्ये, अंतर दुप्पट आहे, म्हणून तो दर सेकंदाला एकदा श्वास घेतो. तिसरा सेकंदाला दीड वेळा, चौथा दोन वेळा. प्रत्येक उपस्वर स्वतःच्या गतीने हलतोय. बाहेरून एकच स्थिर स्वर, आत मात्र सतत चाललेली सळसळ. अर्ध्या हर्ट्झच्या त्या फरकाने हे सगळं घडतं.

याच्या जोडीला लागतो एन्व्हलप, म्हणजे आवाजाच्या जन्मापासून विरण्यापर्यंतचा आलेख. त्याचे चार भाग ठरलेले आहेत: अटॅक, डिके, सस्टेन आणि रिलीज. आवाज किती वेळात पूर्ण चढतो, चढून कितपत उतरतो, कळ दाबून ठेवली असताना कुठल्या पातळीवर टिकतो, आणि सोडल्यावर किती वेळात विरतो. अटॅक ५ मिलिसेकंद ठेवला तर तार छेडल्यासारखं वाटतं. तोच दोन सेकंद केला तर धुक्यातून काहीतरी पुढे येतंय असं वाटतं. बाकी काही न बदलता! नवशिक्यांना लहरींचं आकर्षण जास्त असतं, पण ऐकणाऱ्याला वाद्य ‘ओळखू’ येतं ते बरंचसं सुरुवातीच्या त्या काही मिलिसेकंदांवरून. एन्व्हलप फिल्टरच्या कटऑफलाही जोडता येतो, आणि जोडावाच.

आणखी एक ऑसिलेटर असतो तो ऐकण्यासाठी नसतो, इतर गोष्टी हलवण्यासाठी असतो. त्याला एलएफओ, म्हणजे लो फ्रिक्वेन्सी ऑसिलेटर म्हणतात, कारण त्याची गती फार कमी असते. तो स्वराच्या उंचीला जोडला आणि सेकंदाला पाच-सहा वेळा हलवला की स्वर गळ्यासारखा कंप पावतो. हीच गती वाढवत नेली तर? स्टॅनफर्ड विद्यापीठात जॉन चाऊनिंग १९६७ मध्ये नेमकं हेच करून बघत होते. कंप इतका वेगवान झाला की कानाला तो कंप म्हणून कळेनासा झाला आणि त्याच्या जागी एकदम नवाच पोत ऐकू येऊ लागला, घंटेसारखा, धातूसारखा. यातून एफएम, म्हणजे फ्रिक्वेन्सी मॉड्युलेशन सिंथेसिस जन्मलं, आणि १९८३ मध्ये यामाहाच्या डीएक्स७ या सिंथेसायझरमधून ते जगभर पोचलं. दोन साध्या साइन लहरींतून इतकं वैभव निघतं, यावर ऐकल्याशिवाय विश्वास बसत नाही.

स्वराचा आकडा झाला

१९६४ च्या आसपास अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळ रॉबर्ट मूग आणि पश्चिम किनाऱ्यावर डॉन बुक्ला, दोघेही स्वतंत्रपणे तुकड्या-तुकड्यांचा सिंथेसायझर बांधत होते. ऑसिलेटर वेगळा, फिल्टर वेगळा, एन्व्हलप वेगळा, आणि त्यांना जोडणाऱ्या वायरी. अशा प्रत्येक तुकड्याला मॉड्यूल म्हणतात. या जोडणीला आजही पॅच म्हणतात, आणि संगणकातल्या आवाजाच्या मांडणीलाही तेच नाव चिकटलंय.

या यंत्रांत सगळे भाग एकमेकांशी व्होल्टेजमधून बोलतात. मूगच्या पद्धतीत एक व्होल्ट वाढला की स्वर एक सप्तक चढतो. सप्तकात बारा स्वर, म्हणजे प्रत्येक पायरी व्होल्टच्या बाराव्या भागाची. वाचायला ही तांत्रिक बाब वाटते, पण माझ्या मते पुढच्या सगळ्या गोष्टीचं मूळ इथे आहे. स्वर हा आकडा झाला. आणि आकडा म्हटला की तो बोटानेच यायला हवा असं बंधन उरत नाही. तो कुठूनही येऊ शकतो.

बुक्लाने हे लवकर ओळखलं. नेहमीच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या त्याला नकोच होत्या. त्याने ठरलेल्या क्रमाने व्होल्टेज देणारे सिक्वेन्सर बांधले, आणि पुढे यादृच्छिक, म्हणजे रँडम व्होल्टेज देणारं एक मॉड्यूल बनवून त्याला नावच ‘सोर्स ऑफ अन्सर्टन्टी’ असं दिलं. अनिश्चिततेचा झरा.

तीन-चार मॉड्यूलमध्ये बसणारी सर्वांत लहान अल्गोरिदमिक रचना अशी असते. एका टोकाला खरखर, जुन्या रेडिओवर दोन स्टेशनांच्या मध्ये येते तशी. तिचं व्होल्टेज सतत वेडंवाकडं हलतंय. दर अर्ध्या सेकंदाला एक मॉड्यूल त्या व्होल्टेजचा एक नमुना उचलतं आणि पुढच्या ठोक्यापर्यंत तोच धरून ठेवतं, याला सॅम्पल अँड होल्ड म्हणतात. पुढे बसतो क्वांटायझर. त्याला आपण सांगून ठेवलेलं असतं की मला फक्त सा, रे, ग, प, ध हवेत. आलेला आकडा यांपैकी ज्याच्या जवळ असेल त्यावर तो नेऊन बसवतो. तिथून ऑसिलेटर. चालू करा, आणि दर अर्ध्या सेकंदाला एक स्वर पडू लागतो. कुणी न लिहिलेला, तरीही कायम सुरात.

मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा हरखून गेलो होतो. दहा मिनिटांनी लक्षात आलं की मन दुसरीकडेच गेलंय. कुठलाच स्वर चुकत नव्हता, पण कुठल्याही स्वराला काही अर्थही नव्हता. पुढे कुठला येईल याची उत्सुकता वाटायला आधी थोडा अंदाज बांधता यावा लागतो, आणि इथे अंदाजाला जागाच नव्हती. यादृच्छिकता म्हणजे कल्पकता नाही, हे तेव्हा नीट कळलं.

फाशांमागचा तक्ता

ही गोष्ट अठराव्या शतकातल्या युरोपातल्या संगीतकारांना माहीत होती. तेव्हा फासे टाकून मिन्युएट नाचाचं संगीत तयार करायचे खेळ छापले जात. त्यातला एक १७९२ मध्ये मोत्सार्टच्या नावाने, त्याच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाला. तो खरोखर त्याचाच होता याचा भक्कम पुरावा नाही. खेळ असा: संगीताचे सोळा तुकडे हवेत. प्रत्येक तुकड्यासाठी दोन फासे टाकायचे, बेरीज २ ते १२ मधली येणार, म्हणजे अकरा पर्याय. तक्त्यात बघून त्या क्रमांकाचा तुकडा घ्यायचा. कागदावर ११ चा सोळावा घात, म्हणजे पंचेचाळीस हजार लाख कोटींहून जास्त जुळण्या.

आणि जवळपास कुठलीही जुळणी ऐकायला व्यवस्थित लागते. का? कारण तक्ता करणाऱ्याने एका जागेचे पर्याय एकाच स्वरसंगतीवर बेतलेले असतात. पाचव्या जागेचा कुठलाही तुकडा सहाव्या जागेच्या कुठल्याही तुकड्याशी जुळेल याची काळजी आधीच घेतलेली असते. फासे टाकणारा काहीच रचत नाही, रचना आधीच तक्त्यात झालेली असते. अल्गोरिदमिक संगीत मला कुणी एका वाक्यात विचारलं तर मी हेच सांगतो: फासे कुणीही टाकेल, तक्ता कुणी केलाय ते बघा.

१९५७ मध्ये इलिनॉय विद्यापीठात लेजारेन हिलर आणि लिओनार्ड आयझॅकसन यांनी इलिअ‍ॅक संगणकाकडून तंतुवाद्यांच्या चौकडीसाठी एक रचना करून घेतली, ‘इलिअ‍ॅक स्वीट’. त्यांची एक मुख्य युक्ती ‘काढा आणि तपासा’ अशी होती. संगणकाने यादृच्छिक स्वर काढायचा, तो काउंटरपॉइंटच्या, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या स्वरओळी जुळवण्याच्या, नियमांत बसतो का ते तपासायचं, बसला तर ठेवायचा, नाही तर टाकून पुन्हा काढायचा. रचनेच्या शेवटच्या भागात त्यांनी मार्कोव्ह साखळी वापरली. आजही शिकणाऱ्याने पहिल्यांदा हात घालावा असं तंत्र मला हेच वाटतं, म्हणून ते जरा सावकाश बघू.

मार्कोव्ह साखळीत पुढचा स्वर आत्ताच्या स्वरावर अवलंबून असतो. प्रत्येक स्वरासाठी एक ओळ लिहायची: इथून कुठे, किती शक्यतेने. माझ्या एका जुन्या वहीतला तक्ता असा आहे. सा वरून: रे ४०, ग ३०, प २०, पुन्हा सा १०. रे वरून: ग ५०, सा ४०, रे १०. ग वरून: रे ४०, प ४०, सा २०. प वरून: ध ४०, ग ४०, सा २०. ध वरून: प ८०, ध २०. प्रत्येक ओळीची बेरीज शंभर.

आता संगणक ० ते ९९ मधले आकडे काढत जातो. समजा ३७, ६२, ५५, ७१, १२, ४५, ८५ असे निघाले. सुरुवात सा वर. ३७ हा पहिल्या चाळिसात, म्हणजे रे. रे च्या ओळीत ६२ हा पन्नासच्या पुढे आणि नव्वदच्या आत, म्हणजे सा. सा च्या ओळीत ५५, म्हणजे ग. ग वरून ७१, म्हणजे प. प वरून १२, म्हणजे ध. ध वरून ४५, म्हणजे प. आणि प वरून ८५, म्हणजे सा. एकत्र म्हणून बघा: सा रे सा ग प ध प सा. ही ओळ कुणीच लिहिली नाही, तरी तिला चाल आहे. ध वर गेलेला स्वर जवळपास नेहमी प वर उतरतो, कारण मी ८० लिहिलंय. सा वरून ध ला उडी कधीच पडणार नाही, कारण तो रकाना मी लिहिलेलाच नाही. पाच मिनिटं ऐकल्यावर कानाला या सवयी कळू लागतात, आणि मग २० टक्क्यांवाली वाट आली की ती खरोखर अनपेक्षित वाटते. अपेक्षा आधी, धक्का नंतर.

एका पावलाऐवजी मागची दोन पावलं बघून पुढचं ठरवता येतं, तीनही. पावलं वाढवली की चाल जास्त ओळखीची होते, पण फार वाढवली की ज्या गाण्यावरून तक्ता केला तेच गाणं जसंच्या तसं बाहेर पडू लागतं. स्वतःचं संगीत करायचं असेल तर एक किंवा दोन पावलं पुरतात, आणि तक्ता कुठल्या गाण्यावरून काढण्यापेक्षा स्वतः लिहिलेला बरा.

स्वरांच्या उड्यांबद्दलचा एक सुंदर शोधही सांगायलाच हवा. १९७५ मध्ये रिचर्ड व्हॉस आणि जॉन क्लार्क या भौतिकशास्त्रज्ञांनी रेडिओवरच्या संगीताचा चढउतार मोजला. निव्वळ यादृच्छिक आकड्यांत प्रत्येक आकडा मागच्यापासून तुटलेला असतो. एकेक पाऊल पुढेमागे सरकत जाण्यात तो मागच्याला फारच बांधलेला असतो. संगीत या दोहोंच्या मध्ये सापडलं. छोटे बदल पुष्कळ, मोठे बदल कमी, पण दोन्ही एकाच वेळी चालू. हे फाशांनी घरबसल्या करता येतं. तीन फासे घ्या. पहिला प्रत्येक स्वराला टाका, दुसरा दर दोन स्वरांनी, तिसरा दर चार स्वरांनी, आणि तिन्हींची बेरीज म्हणजे स्वराचा क्रमांक. पहिला फासा बारीक हालचाल देतो, तिसरा सगळी चाल थोडा वेळ वर किंवा खाली धरून ठेवतो. संगणकात हे चार-पाच ओळींचं काम आहे, आणि साध्या यादृच्छिक स्वरांशेजारी ठेवून ऐकलं तर फरक लगेच कळतो.

मसावि आणि लसावि

लयीसाठी मला शाळेतल्या गणिताचा सर्वांत जास्त उपयोग झाला. आठ घरं आहेत, त्यांत तीन ठोके शक्य तितक्या समान अंतरावर बसवायचे. आठला तिनाने पूर्ण भाग जात नाही, म्हणून उत्तर येतं ३, ३, २. म्हणून बघा, टाळी वाजवत: एक-दोन-तीन, एक-दोन-तीन, एक-दोन. ही लय जगातल्या कितीतरी परंपरांत आहे. आठात पाच बसवले तर २, १, २, १, २. सोळात पाच बसवले तर ३, ३, ३, ३, ४. गॉडफ्रीड तूसां या संगणकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये दाखवलं की न्यूट्रॉन निर्माण करणाऱ्या यंत्रांत स्पंद समान अंतरावर वाटण्यासाठी वापरलेली पद्धत आणि युक्लिडची मसावि काढायची पद्धत रचनेने एकच आहेत, आणि तिच्यातून अशा ओळखीच्या लयी आपोआप निघतात. म्हणून त्यांना युक्लिडियन लयी म्हणतात. दोनच आकडे द्यायचे, घरं किती आणि ठोके किती. बास ड्रमला ८ मध्ये ३, घुंगराला १६ मध्ये ५, आणि वाजवत असताना यातला एखादा आकडा बदलायचा. इतक्या थोड्या श्रमात इतकं देणारं दुसरं तंत्र मला माहीत नाही.

लसावि कामी येतो तो आवर्तनांत. एकेका स्वराचे तीन लूप घ्या: एक दर १९ सेकंदांनी परत येणारा, दुसरा २३, तिसरा २९. पहिले दोन एकत्र सुरू झाले तर पुन्हा एकत्र येतात ७ मिनिटं १७ सेकंदांनी. तिन्ही एकत्र येतात ते ३ तास ३१ मिनिटं १३ सेकंदांनी. तीन स्वर आणि साडेतीन तासांचं न दोहरणारं संगीत! इंग्लिश संगीतकार ब्रायन इनो यांनी सत्तरच्या दशकात टेपचे लांबलचक लूप असेच एकमेकांवर सोडले होते. इथे यादृच्छिकता अजिबात नाही, सगळं ठरलेलं आहे, तरी ऐकणाऱ्याला पुढचं सांगता येत नाही. पॅडसारख्या, म्हणजे मागे पसरून राहणाऱ्या, संथ आवाजांसाठी हे फार छान बसतं.

हत्यारं

यावर फार वेळ घालवू नये असं माझं मत आहे, कारण लोक हत्यारं निवडण्यातच वर्ष घालवतात. कोड लिहायची तयारी असेल तर सॅम अ‍ॅरन यांनी बनवलेला सॉनिक पाय हा प्रोग्राम घ्या, तो मुळात शिकवण्यासाठीच केलाय. वायरी जोडत विचार करणं आवडत असेल तर व्हीसीव्ही रॅक किंवा मिलर पकेट यांचं प्युअर डेटा. खोलात जायचं असेल तर जेम्स मॅकार्टनी यांनी १९९६ मध्ये आणलेलं सुपरकोलायडर. हे सगळे मोफत मिळतात आणि साध्या लॅपटॉपवर चालतात.

बाहेरचा सिंथेसायझर असेल तर तो मिडीने, म्हणजे वाद्यं आणि संगणक एकमेकांना स्वर कळवतात त्या भाषेने, जोडला जातो. १९८३ पासून हीच भाषा चालू आहे. स्वराचा क्रमांक ० ते १२७, जोर ० ते १२७. ‘ए’ ४४० चा क्रमांक ६९. मूळच्या पाच पिनांच्या केबलमधून एका स्वराचा निरोप जायला जवळपास एक मिलिसेकंद लागतो, म्हणून दहा स्वर ‘एकदम’ पाठवले तरी शेवटचा दहा मिलिसेकंद उशिरा पोचतो. अल्गोरिदम उत्साहाने एका क्षणात पन्नास स्वर काढतो तेव्हा हे ध्यानात ठेवावं. आणि १२८ पायऱ्या कटऑफसाठी कमी पडतात, नॉब हळू फिरवला तर पायऱ्या ऐकू येतात. तेवढी सावकाश हालचाल सिंथेसायझरच्याच एलएफओकडे द्यावी.

रचना उभी करताना

नियमांचं संगीत पोत फार सहज देतं, पण प्रवास देत नाही. मार्कोव्हचा तक्ता पहिल्या मिनिटाला जसा वागतो तसाच विसाव्याला. सुरुवात, चढण, विसावा हे आपण द्यायचं असतं, आणि त्यासाठी स्वर हाताने लिहायची गरज नाही, नियमच काळानुसार बदलायचे. मी साधारण असं करतो. प्रत्येक ठोक्याला स्वर वाजेल की नाही याची एक शक्यता ठेवतो. सुरुवातीला ती ३० टक्के, म्हणजे बहुतेक ठोके रिकामे. तीन मिनिटांत ती सावकाश ८० वर नेतो. त्याच काळात फिल्टर उघडत जातो. खर्जाचा सा पहिली दोन मिनिटं पूर्ण बंद ठेवतो. तोपर्यंत वरचे स्वर अधांतरी तरंगत असतात, आणि तो आला की पायाखाली जमीन आल्यासारखं वाटतं. हे तीन आकडे बदलणं म्हणजेच इथली रचना.

आज मजकुरावरून गाणं बनवून देणारी साधनं आहेत, त्यांच्यापेक्षा हे काम वेगळं कसं, असं कुणी विचारतं. माझं उत्तर असं की इथे प्रत्येक निर्णय मला दिसतो. प वरून सा ला उतरण्याची शक्यता २० का ठेवली हे मी सांगू शकतो, ती बदलू शकतो आणि बदल ऐकू शकतो.

हा बदल ऐकण्यासाठी संगणकाची एक खासियत मदतीला येते. संगणकाचे यादृच्छिक आकडे प्रत्यक्षात एका बीजापासून, ज्याला सीड म्हणतात, गणिताने काढलेले असतात. बीज तेच दिलं की आकड्यांची माळ तीच निघते. सॉनिक पाय तर वेगळं बीज न दिल्यास दरवेळी त्याच बीजापासून सुरू होतो, म्हणून तुमची रचना दुसऱ्याच्या संगणकावरही हुबेहूब तशीच वाजते. म्हणून चांगलं काही निघालं की बीजाचा आकडा आधी लिहून ठेवायचा. मी सुरुवातीला ठेवत नव्हतो, आणि काही फार सुंदर ओळी त्यामुळे कायमच्या गेल्या.

वर दिलेला तक्ता मी एकदा वीस मिनिटं चालवून रेकॉर्ड केला आणि दुसऱ्या दिवशी वही घेऊन ऐकला. चौथ्या मिनिटाला, सातव्याला, अकराव्याला मी ‘छान’ असं लिहिलं होतं. ती तिन्ही ठिकाणं तपासली तेव्हा कळलं की तिन्हीकडे चाल प वरून थेट सा वर उतरली होती, मधला ग न घेता. कान जे मागत होता ते नियमांत कमी होतं. मग मी प च्या ओळीत सा २० वरून ३५ केला आणि ग ४० वरून २५ वर आणला. बीज तेच ठेवलं, म्हणजे फासे तेच, तक्ता तेवढा बदललेला. आणि पुन्हा पहिल्यापासून चालू केलं.